चामडे कमावण्याच्या हौदापासून घराच्या भिंतीपर्यंत : ऑटो रोह्म यांचा प्रवास

चवथ जवळ येऊ लागली की गोव्यातील घराघरांत रंगकामाची लगबग सुरू होते. पावसाने काळवंडलेल्या भिंती घासल्या जातात, शेवाळ खरवडले जाते आणि बाजारातून रंगाचे डबे येतात. आज या डब्यांपैकी बहुतेकांवर अॅक्रिलिक हा शब्द छापलेला असतो. पाण्यात कालवायचा, ब्रश पाण्याने धुवायचा आणि तरीही वाळल्यावर पावसाच्या पाण्याला न बधणारा हा रंग आता इतका सवयीचा झाला आहे की, त्यामागे कोणा एका माणसाचे आयुष्य उभे असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. त्या माणसाचे नाव ऑटो रोह्म. जर्मनीतील या रसायनशास्त्रज्ञाने वयाच्या पंचविशीत ज्या पदार्थावर प्रबंध लिहिला, त्याच पदार्थाने अर्धशतकानंतर जगभरच्या घरांच्या भिंती झाकल्या. ते दृश्य पाहायला मात्र रोह्म जिवंत नव्हते.

रंगाचा प्रश्न मुळात रंगद्रव्याचा नसून ते धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा आहे. काव, गेरू, काजळी, नीळ ही द्रव्ये माणसाला हजारो वर्षे माहीत आहेत. पण नुसती पूड भिंतीवर टिकत नाही. तिला भिंतीशी आणि परस्परांशी जखडून ठेवणारा बंधक लागतो. गोवा, उत्तर कन्नड आणि दक्षिण कोकणातील जुन्या मंदिरांवर दिसणारी कावी कला हे याचे आपल्या भूमीतील उत्तम उदाहरण होय. तेथे चुना गुळाच्या पाण्यात मुरवला जाई, त्याचा पांढराशुभ्र गिलावा आणि लाल कावेचा थर एकजीव होत आणि वरचा थर कोरून नक्षी उमटवली जाई. त्या कलेत बंधक होता तो चुना. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाला आपल्या पोटात धरतो. गूळ, बेलफळ, हिरडा असे पदार्थ चुन्यात मिसळून त्याचे गुण सुधारण्याची विद्या जुन्या गवंड्यांना अवगत होती. आजच्या भाषेत सांगायचे तर ती त्यांची पूरक द्रव्ये होती.

सीमेपलीकडे, जोयडा तालुक्यातील बाजारकुणंगसारख्या जंगलाने वेढलेल्या गावांत काय किंवा सत्तरी-सांग्यात काय, मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन आणि चुन्याचा किंवा कावेचा हात हीच घराची सजावट होती. पावसाळ्यानंतर ती पुन्हा करावी लागे आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नसे. लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावत. युरोपात हेच काम जवसाचे तेल करी. ते तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते आणि रंगाचा चिवट पापुद्रा तयार होतो. शेकडो वर्षे दारे, खिडक्या, जहाजे आणि चित्रे याच तेलावर रंगली. पण तेलाची ती प्रक्रिया कधी थांबत नाही. वर्षानुवर्षे ते प्राणवायू घेतच राहते, पिवळे पडते, ठिसूळ होते आणि शेवटी तडकते. चुन्याच्या किंवा सिमेंटच्या ताज्या भिंतीवर तर त्या भिंतीतील अल्कली तेलाचा साबण करून टाकते आणि रंग पापुद्र्यांनी गळून पडतो. या दोषावर उतारा शोधण्याचा विचार ज्यांनी फार लवकर केला, त्यांत रोह्म अग्रभागी होते.

ऑटो रोह्म यांचा जन्म १४ मार्च १८७६ रोजी दक्षिण जर्मनीतील व्युर्टेंबर्ग राज्याच्या ओरिंगेन या छोट्या गावी झाला. त्यांनी प्रथम औषधनिर्मितीचे शिक्षण घेतले आणि मग म्युनिक व ट्युबिंगेन येथे रसायनशास्त्राचा अभ्यास केला. ट्युबिंगेनमध्ये त्यांना गुरू लाभले ते हान्स फॉन पेखमान. डायअॅझोमिथेन या संयुगाचा शोध लावणारे पेखमान हे त्या काळातील नामवंत रसायनशास्त्रज्ञ होते. पुढे पॉलिथिन म्हणून जगाला परिचित झालेल्या पदार्थाच्या जातीचा पांढरा मेणचट साका १८९८ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत प्रथम दिसला होता. त्याचे मोल मात्र तेव्हा कोणाला कळले नाही.

त्या काळी असे साके ही रसायनशास्त्रज्ञांची डोकेदुखी मानली जाई. शुद्ध, स्फटिकरूप, ठरावीक तापमानाला वितळणारा पदार्थ मिळवणे हे प्रतिष्ठेचे काम होते. बाटलीच्या तळाशी गोठून बसणारा चिकट गोळा हे फसलेल्या प्रयोगाचे लक्षण होते. अॅक्रिलिक आम्ल १८४३ मध्ये योझेफ रेडटेनबाखर यांनी प्रथम मिळवले होते. १८८० मध्ये गेओर्ग काल्बाउम यांनी त्याच्या एका एस्टरचे घट्ट, पारदर्शक पदार्थात रूपांतर होते हे नोंदवले होते. पण त्या गोळ्याकडे वळून पाहण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. पेखमान यांनी रोह्म यांना हाच विषय दिला. १९०१ मध्ये रोह्म यांनी अॅक्रिलिक आम्लाच्या बहुवारिकीकरणातून निर्माण होणाऱ्या पदार्थांवरील प्रबंध सादर करून डॉक्टरेट मिळवली. हा पदार्थ काचेसारखा स्वच्छ होता, रबरासारखा लवचिक होता आणि सहजासहजी कशाशी अभिक्रिया करीत नव्हता. लांब साखळ्यांच्या महारेणूंची हर्मान श्टाउडिंगर यांची कल्पना मांडली जाण्यास अजून जवळपास वीस वर्षे अवकाश होता. त्यामुळे हातात काय आहे, हे त्या वेळी कोणालाच नीटसे सांगता आले नसते. पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, पेखमान यांनी आत्महत्या केली. गुरू गेले, विद्यापीठातला मार्ग मिटला आणि प्रबंध कपाटात राहिला.

उपजीविकेसाठी रोह्म यांनी पुढे श्टुटगार्ट शहराच्या गॅस कारखान्यात रसायनशास्त्रज्ञाची नोकरी धरली. कोळशापासून दिव्यांचा गॅस काढताना तेथे उग्र वासाचे अमोनियायुक्त पाणी वाया जाई. या नोकरीतच चामडे कमावण्याच्या उद्योगाशी त्यांचा संबंध आला आणि त्यांच्या आयुष्याला अनपेक्षित वळण मिळाले.

चामडे कमावताना कातडे प्रथम चुन्याच्या निवळीत भिजवून त्यावरील केस काढले जात. मग त्या कातड्यातील चुना काढून टाकून ते मऊ करावे लागे आणि या कामासाठी युरोपातील कारखाने चक्क कुत्र्यांची व कबुतरांची विष्ठा वापरत. कोमट पाण्यात ती कालवून त्यात कातडी भिजत घालत. रस्त्यांवरून ती विष्ठा गोळा करून विकणे हा गरिबांचा धंदा होता. ते काम किळसवाणे होते, रोगराईला आमंत्रण देणारे होते आणि कारखानदारांच्या दृष्टीने बेभरवशाचेही होते, कारण प्रत्येक वेळी परिणाम वेगळा येई आणि कधी अख्खी खेप कुजून जाई.

गॅस कारखान्यातील पाण्याचा वास आणि चामड्याच्या हौदांचा वास यांतील साम्य रोह्म यांच्या लक्षात आले. दोन्हींत काम करणारे रसायन एकच असावे, असा तर्क त्यांनी केला आणि गॅसच्या पाण्यापासून ओरो नावाचे द्रव्य बनवले. अमेरिकेत स्थायिक झालेले त्यांचे स्नेही ऑटो हास यांना त्यांनी ही कल्पना कळवली. १८७२ मध्ये श्टुटगार्टमध्ये जन्मलेले हास व्यापारात मुरलेले होते. ते भागीदारीसाठी जर्मनीला परतले. परंतु तोवर ओरोचे दोष उघड होऊ लागले होते. त्याने चुना निघे, पण कातड्यात जो मऊपणा यायला हवा तो काही टिकेना. तर्क अर्धाच खरा होता.

दुसऱ्या एखाद्याने येथे हात टेकले असते. रोह्म यांनी प्रश्न नव्याने मांडला. याच काळात एडुआर्ड बुखनर यांनी जिवंत पेशीशिवायही किण्वन होऊ शकते आणि ते काम विकर, म्हणजे एन्झाइम, करतात हे सिद्ध केले होते. त्यासाठी त्यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रोह्म यांनी विचार केला की, कुत्र्याच्या विष्ठेत अमोनियाखेरीज जे काही आहे ते त्याच्या पचनसंस्थेतून आले असणार. प्रथिने फोडणारे पाचक विकर स्वादुपिंडात तयार होतात आणि कत्तलखान्यात जनावरांची स्वादुपिंडे तर टाकूनच दिली जातात. त्यांनी स्वादुपिंडातील विकर अमोनियम क्षाराबरोबर लाकडाच्या भुशात मिसळले. क्षार चुना काढी, विकर कातडे मऊ करी. या द्रव्याला त्यांनी ओरोपॉन हे नाव दिले.

६ सप्टेंबर १९०७ रोजी एसलिंगेन येथे रोह्म अँड हास ही कंपनी स्थापन झाली. रोह्म प्रयोगशाळा सांभाळीत आणि हास गिऱ्हाईक. चामड्याच्या कारखानदारांनी आरंभी संशयाने पाहिले, मग एकामागून एक हौद बदलत गेले. १९०९ मध्ये कंपनी डार्मश्टाट येथे हलली आणि त्याच वर्षी हास यांनी अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियात अमेरिकी शाखा उघडली. एका पिढीच्या आत चामड्याच्या धंद्यातून विष्ठेचे हौद हद्दपार होऊ लागले. माणसाच्या हाताला करावे लागणारे एक अत्यंत हीन काम रसायनशास्त्राने संपवले, ही रोह्म यांच्या आयुष्यातील कामगिरी अॅक्रिलिकहून कमी मोलाची नाही.

विकरांची शक्ती कळल्यावर रोह्म यांनी ती धुण्याच्या कपड्यांकडे वळवली. कपड्यांवरचे डाग हे बहुधा अन्न, रक्त आणि घाम यांचे असतात, म्हणजेच प्रथिनांचे. मग पचनाचे विकर त्यांना का खाणार नाही? १९१४ मध्ये बुर्नुस हे विकरयुक्त धुलाईचे द्रव्य बाजारात आले. अशा प्रकारचे ते जगातील पहिलेच उत्पादन मानले जाते. सोड्याच्या अल्कलीत स्वादुपिंडाच्या विकराचे बळ ओसरते, ही त्याची मर्यादा होती. जिवाणूंपासून मिळवलेले अधिक दणकट विकर येऊन ही कल्पना घरोघर पोचायला १९६० चे दशक उजाडावे लागले. आपल्या काळाच्या चार पावले पुढे जाऊन थांबणे हे जणू रोह्म यांच्या नशिबीच होते.

चामड्याने घर चालू लागताच त्यांनी कपाटातला प्रबंध बाहेर काढला. १९११ च्या सुमारास अॅक्रिलिकवरील संशोधन पुन्हा सुरू झाले. प्रथम त्यांनी हा लवचिक पदार्थ गंधकाने संस्कारित करून रबराला पर्याय देता येईल का, हे पाहिले. १९१५ मध्ये त्यांना मिळालेले एक जर्मन पेटंट मात्र आपल्या कथेच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. रंग आणि लाखरोगणात वापरल्या जाणाऱ्या, हवेवर सुकणाऱ्या तेलांच्या जागी अॅक्रिलिक एस्टरचे बहुवारिक वापरता येईल, असा त्या पेटंटाचा आशय होता. तेलाची साखळी प्राणवायूसाठी उघडी असते, म्हणून ते पिवळे पडते. अॅक्रिलिकची साखळी आधीच पूर्ण झालेली असते. तिला सुकण्यासाठी हवेशी संयोग पावावा लागत नाही, म्हणून ती ऊन खाऊनही स्वच्छ राहते. अल्कलीलाही ती दाद देत नाही. विचार बिनचूक होता. अडचण होती ती कच्च्या मालाची. अॅक्रिलिक एस्टर स्वस्तात बनवण्याची रीत कोणालाच ठाऊक नव्हती, आणि सोन्याच्या भावाच्या द्रव्याने कोणी दार रंगवीत नाही.

पहिल्या महायुद्धाने सगळेच विस्कटले. अमेरिकेने जर्मनीशी युद्ध पुकारल्यावर जर्मनांच्या मालकीची मालमत्ता तेथील सरकारने ताब्यात घेतली. फिलाडेल्फियाची शाखा आणि डार्मश्टाटची कंपनी यांचे मालकीचे नाते तुटले. दोन्ही ऑटो आता दोन वेगळ्या देशांतल्या वेगळ्या कंपन्यांचे प्रमुख होते, नाव मात्र दोघांचे एकच राहिले. युद्धानंतर त्यांनी ज्ञानाची देवाणघेवाण पुन्हा सुरू केली. या मैत्रीचे मोल पुढे कळणार होते, कारण रोह्म यांचे स्वप्न अखेर त्यांच्या नव्हे तर हास यांच्या कारखान्यात साकार झाले.

१९२० च्या दशकात वाल्टर बाउअर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने डार्मश्टाटच्या प्रयोगशाळेत अॅक्रिलिक एस्टर परवडेल अशा खर्चात बनवण्याची रीत बसवली. त्या दशकाच्या अखेरीस व्यापारी उत्पादन सुरू झाले. लुग्लास ही दोन काचांमध्ये अॅक्रिलिकचा थर असलेली, फुटली तरी न उधळणारी काच आली. लाखरोगणासाठी प्लेक्सिगम आले. प्रबंधानंतर जवळजवळ सत्तावीस वर्षांनी रोह्म यांच्या गोळ्याला गिऱ्हाईक मिळाले. १९३१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कंपनीनेही पेनसिल्व्हेनियातील ब्रिस्टल येथे अॅक्रिलिक बनवण्यास आरंभ केला. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांच्या बंधूंनी शाईची पूड बनवण्याचा छोटा उद्योग सुरू केला. कॅम्लिन म्हणून नावारूपाला आलेल्या या मराठी उद्योगाचे अॅक्रिलिक रंग पुढे शाळकरी मुलांच्या हाती पोचले.

अॅक्रिलिकच्या भावंडाने, म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेटने, रोह्म यांना जगप्रसिद्ध केले. सुरक्षित काच बनवण्यासाठी दोन काचांच्या मधोमध या द्रवाचे बहुवारिक करून पाहिले तेव्हा ते काचेला चिकटलेच नाही. काचा वेगळ्या झाल्या आणि मधून काचेहूनही नितळ अशी एक ताठ पाटी बाहेर आली. फसलेल्या प्रयोगातून नवा पदार्थ हाती आला. १९३३ मध्ये त्याला प्लेक्सिग्लास हे नाव देण्यात आले. प्रकाशाचा सुमारे ९२ टक्के भाग आरपार जाऊ देणारी ही पाटी वजनाने काचेच्या निम्म्याहून कमी होती. १९३७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात तिचा गौरव झाला. इंग्लंडमध्ये याच सुमारास स्वतंत्रपणे विकसित झालेला तोच पदार्थ पर्स्पेक्स या नावाने ओळखला जातो.

पण ते दशक काचेच्या पारदर्शकतेचे नव्हते. हलकी, वाकवता येणारी, न फुटणारी ही पाटी विमानांच्या बांधणीसाठी आदर्श ठरली. युद्धाची तयारी करणाऱ्या राष्ट्रांना तिचे महत्त्व चटकन कळले. वैमानिकाच्या डोक्यावरचा पारदर्शक घुमट तिचाच होऊ लागला. ज्या माणसाने विष्ठेच्या हौदातून मजुरांची सुटका केली, कपडे धुणाऱ्या बायकांचे श्रम हलके करू पाहिले, त्याच्या सर्वांत देखण्या शोधाला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते युद्धाचे. दुसरे महायुद्ध सुरू होऊन अडीच आठवडे झाले असताना, १७ सप्टेंबर १९३९ रोजी, बर्लिनमध्ये ऑटो रोह्म यांचे निधन झाले. ते ६३ वर्षांचे होते. पुढील सहा वर्षे त्यांचे आणि हास यांचे कारखाने परस्परांविरुद्ध लढणाऱ्या विमानांना एकाच पदार्थाच्या खिडक्या पुरवीत राहिले. सप्टेंबर १९४४ मधील बॉम्बवर्षावात डार्मश्टाटचा मध्यभाग बेचिराख झाला.

युद्ध संपताच विमानांची मागणी ओसरली आणि फिलाडेल्फियाच्या कंपनीला शांततेच्या काळातील बाजार शोधणे भाग पडले. येथे रोह्म यांच्या १९१५ च्या कल्पनेला दुसरा जन्म मिळाला, मात्र एका महत्त्वाच्या बदलासह. रोह्म यांचे अॅक्रिलिक द्रावकात विरघळवलेले असे. आता ते पाण्यात तरंगवण्याची विद्या विकसित झाली होती. पाण्यात साबणासारख्या द्रव्याच्या साहाय्याने अॅक्रिलिक एस्टरचे सूक्ष्म थेंब तयार करायचे आणि पाण्यातच त्यांचे बहुवारिक करायचे, ही ती रीत होय. हाती येणारा द्रव दुधासारखा पांढरा असतो. त्यातील प्रत्येक कण मिलिमीटरच्या काही दशसहस्रांश भागाएवढा असतो. रबराच्या झाडाचा चीकही याच धाटणीचा असतो, म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराचे कण. त्या चिकाचे लेटेक्स हे नाव म्हणूनच या कृत्रिम दुधालाही चिकटले. भिंतीच्या रंगातील लेटेक्समध्ये झाडाच्या चिकाचा थेंबही नसतो, हे त्यामुळे अनेकांना ठाऊक नसते.

रंग भिंतीवर लावला की पाणी उडून जाते, कण एकमेकांजवळ येतात, दाबले जातात आणि शेवटी परस्परांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो. एकदा मिसळलेले कण पाण्याने पुन्हा सुटे होत नाहीत. पाण्यात कालवलेला रंग पावसात का विरघळत नाही, या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. अमेरिकेत १९४८ मध्ये ग्लिडन कंपनीने कृत्रिम रबराच्या जातीच्या लेटेक्सचा रंग घराच्या आतील भिंतींसाठी आणला होता आणि तो लोकप्रियही झाला. पण उन्हात तो पिवळा पडे व कडक होई. १९५३ मध्ये फिलाडेल्फियाच्या रोह्म अँड हासने रोप्लेक्स एसी-३३ हे संपूर्ण अॅक्रिलिक लेटेक्स खास घराच्या रंगासाठी बाजारात आणले. रोह्म यांच्या प्रबंधाला तेव्हा ५२ वर्षे आणि पेटंटाला ३८ वर्षे झाली होती.

तरीही काम संपले नव्हते. तेल भिंतीत मुरते आणि सुटी झालेली जुनी भुकटीही आपल्यात बांधून घेते. लेटेक्सचे कण मात्र पृष्ठभागावरच बसतात. खडूसारखी पूड सुटणाऱ्या जुन्या रंगावर नवा अॅक्रिलिक रंग म्हणूनच पापुद्र्यासारखा निघून येई. लाकडावर आणखी वेगळी अडचण होती. रंगातील पाणी लाकडात शिरून त्यातील टॅनिन वर आणी आणि पांढऱ्या रंगावर तपकिरी डाग उमटत. ब्रशच्या रेषा राहात, फेस होई, थंडीत कण नीट मिसळत नसत. यातील एकेका दोषावर उपाय म्हणून पूरक द्रव्यांचे एक शास्त्रच उभे राहिले. कणांना क्षणभर मऊ करून मिसळायला लावणारे आणि मग उडून जाणारे द्रावक, रंग ओघळू न देणारी सेल्युलोजची दाटके, रंगद्रव्याची गुठळी फोडणारी विकिरके, फेस मारणारी द्रव्ये, बुरशी रोखणारी द्रव्ये अशी ही यादी आहे. लाकडाच्या पारदर्शक स्टेनमध्येही तेलाच्या जोडीला किंवा जागी अॅक्रिलिक लेटेक्स येऊ लागले. ते लाकडाचा पोत दिसू देते आणि उन्हापावसात तेलासारखे काळवंडत नाही. गुळाचे पाणी आणि बेलफळ चुन्यात घालणाऱ्या गवंड्याला या यादीत आपलेच सोबती भेटले असते.

हाच पदार्थ आणखी एका मार्गाने आपल्या परिसरात शिरला. गच्चीची गळती थांबवताना गवंडी सिमेंटच्या कालवणात जे पांढरे दूध ओततात, ते लेटेक्स याच कुटुंबातील आहे. संग्रहालयांतील जतनकारांनी जुनी चित्रे आणि भित्तिचित्रे घट्ट करण्यासाठी अॅक्रिलिक स्वीकारले, कारण ते पिवळे पडत नाही आणि योग्य द्रावकाने पुन्हा काढताही येते. अजिंठ्यातील चित्रांवर जुन्या काळी चढवलेल्या रोगणाने पिवळेपणा आणला आणि तो उतरवण्यासाठी पुढे पिढ्यांना खपावे लागले, हा अनुभव लक्षात घेता या गुणांचे मोल कळते.

मात्र रोह्म यांच्या पदार्थाची एक मर्यादा आपल्या भूमीत विसरून चालणार नाही. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गोव्यात आणि त्याला लागून असलेल्या जोयड्याच्या डोंगरांत भिंतींत ओल चढतेच. चुना ही ओल बाहेर जाऊ देतो. अॅक्रिलिकचा पापुद्रा ती तेवढ्या सहजतेने जाऊ देत नाही. जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या जुन्या भिंतीवर तो दाट लावला तर ओल आत कोंडते, रंगाला फोड येतात आणि कधी कधी भिंतच भुसभुशीत होते. सिमेंटच्या घराला जो रंग वरदान ठरतो तोच मातीच्या घराला अपाय करू शकतो. पदार्थाचा गुण भिंतीच्या स्वभावाशी जुळावा लागतो. ओरोच्या अपयशातून रोह्म नेमके हेच शिकले होते. कातड्याला काय हवे हे आधी समजून घेतल्यावरच त्यांना ओरोपॉन सापडले.

ऑटो हास १९६० पर्यंत जगले आणि आपल्या मित्राच्या कल्पनेने घरे रंगताना त्यांनी पाहिली. २००८ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्र संस्थेने अॅक्रिलिक लेटेक्सच्या विकासाला ऐतिहासिक महत्त्वाचा टप्पा म्हणून मान्यता दिली. त्याच्या दुसऱ्याच वर्षी फिलाडेल्फियाची कंपनी डाऊ या बड्या उद्योगात विलीन झाली. डार्मश्टाटची कंपनी अनेक हातांतून जाऊन २०१९ पासून पुन्हा रोह्म याच नावाने चालते आहे.

ऑटो रोह्म यांनी घराच्या भिंतीसाठी अॅक्रिलिक रंगाचा एकही डबा विकला नाही. त्यांनी एका उपेक्षित चिकट गोळ्यावर विश्वास ठेवला, पोटापाण्यासाठी चामड्याकडे वळावे लागले तेव्हाही तो सोडला नाही आणि हाती पैसा येताच पुन्हा त्याच्याकडे परतले. ट्युबिंगेनच्या प्रयोगशाळेतील त्या कामाला आता सव्वाशे वर्षे होत आली. चवथीच्या आधी गोव्यातील एखाद्या वाड्यावर रंगारी डब्याचे झाकण उघडतो, दुधाळ रंगात थोडे पाणी घालून काठीने ढवळतो आणि भिंतीवर पहिला हात मारतो, तेव्हा त्या डब्यात रोह्म यांनी १९१५ च्या पेटंटात मांडलेला विचारच काम करीत असतो.